मनःस्वास्थ्यसेवकांचा क्लम आणि दिनचर्या

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन हे दुसरे, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो. तथापि नित्याच्या व्यवसायात दुसरे प्रयोजनच आपला बहुतेक वेळ व्यापून टाकते. त्यातही ज्यांचे कामच इतरांचे मन सांभाळण्याचे आहे, त्यांच्या स्वतःच्या स्वास्थ्यरक्षणाचा विचार तर फारच क्वचित होतो. मनोरुग्णालयातील परिचारिका व सेवक, समुपदेशक, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, व्यसनमुक्ती केंद्रातील कर्मचारी, दूरध्वनीवरून आधार देणारे कार्यकर्ते आणि मानसरोग विषयात काम करणारे आपलेच वैद्यबंधू-भगिनी या सर्वांस आम्ही प्रस्तुत लेखात 'मनःस्वास्थ्यसेवक' असे म्हटले आहे. त्यांना येणारा विशिष्ट थकवा, त्याची संप्राप्ती व दिनचर्येच्या साहाय्याने त्याचा प्रतिबंध कसा करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषयाची निकड

बेंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या काळी कोणता ना कोणता मानसविकार असल्याचे आढळले. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापासून वंचित असल्याचेही त्यातून दिसून आले. याचा दुसरा अर्थ असा की, जे थोडे सेवक या क्षेत्रात आहेत, त्यांच्यावर कितीतरी अधिक भार आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग, विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी कुटुंबांना मानसिक आधार देणाऱ्या प्रेरणा प्रकल्पातील कार्यकर्ते, तसेच १० ऑक्टोबर २०२२ रोजी देशभर सुरू झालेल्या टेलिमानस सेवेतील समुपदेशक असे अनेकजण हा भार वाहत आहेत.

हा विषय आपला नाही, असे म्हणून चालणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधील 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकांचा स्पष्ट समावेश आहे. शिवाय हे सेवक अम्लपित्त, शिरःशूल, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन आपल्याच चिकित्सालयात येतात, किंवा आपल्या औषधालयाच्या फळीपुढे उभे राहून 'ताणावर काहीतरी द्या' असे म्हणतात. त्या वेळी आपण काय करतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

बर्नआउट आणि क्लम

'बर्नआउट' ही संज्ञा या अर्थाने रूढ केली ती हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी. न्यूयॉर्कमधील मोफत चिकित्सालयात काम करताना स्वतःच्या व तेथील स्वयंसेवकांच्या झालेल्या अवस्थेचे वर्णन त्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी तिच्या मापनाची प्रश्नावली तयार केली. तीत तीन अंगे मानलेली आहेत. पहिले भावनिक रितेपण, दुसरे रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहता केवळ एक प्रकरण म्हणून पाहणे, आणि तिसरे 'माझ्या हातून काहीच नीट होत नाही' ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला रोग न मानता व्यवसायातून उद्भवणारी अवस्था असे स्थान दिले आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले.

आपल्या शास्त्रात या अवस्थेशी तंतोतंत जुळणारा एखादा व्याधी शोधण्याचा अट्टहास करू नये, असे आम्हांस वाटते. परंतु सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सांगितलेला 'क्लम' येथे मार्गदर्शक ठरतो. आयास न करताही देहास येणारा, श्वास न वाढविणारा, पण इंद्रियांना आपापल्या विषयांचे ग्रहण नीट करू न देणारा थकवा म्हणजे क्लम. शेतात दिवसभर राबणाऱ्याला येतो तो श्रम. तो विश्रांतीने जातो. खुर्चीवर बसून आठ तास इतरांचे दुःख ऐकणाऱ्याला येतो तो क्लम. तो रविवारच्या सुटीने जात नाही. सोमवारी सकाळी कामाच्या विचारानेच छातीत दडपण येणे, समोरच्याचे बोलणे कानावर पडूनही मनात न उतरणे, ही त्याची नित्य दिसणारी रूपे होत.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात सांगितलेली ओजःक्षयाची लक्षणेही येथे आठवावीत. भित्रेपणा, दौर्बल्य, सतत चिंतन, इंद्रियांची व्यथा, कांती व मन यांची म्लानता, रूक्षता, कृशता ही ती लक्षणे. वाग्भटाचार्यांनी ओजःक्षयाच्या कारणांत क्रोध, क्षुधा, चिंता, शोक व श्रम यांची गणना केली आहे. या पाचांपैकी किती कारणे मनोरुग्ण विभागातील एका सामान्य दिवसात एकत्र येतात, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

आमच्या चुकीचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मनोरुग्ण विभागात काम करणाऱ्या एक अनुभवी परिचारिका आमच्याकडे आल्या. अम्लोद्गार, शिरःशूल व निद्रानाश या तक्रारी होत्या. नाडी, जिव्हा पाहून आम्ही अविपत्तिकर चूर्ण दिले, रात्री दुधाबरोबर अश्वगंधा चूर्ण दिले आणि रोज पंधरा मिनिटे प्राणायाम करण्यास सांगितले. पहिल्या महिन्यात थोडा उपशय वाटला. दुसऱ्या महिन्यात तक्रारी पूर्ववत झाल्या. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, प्राणायाम काही जमत नाही. तेवढे औषध बदलून द्या." सोबत आलेल्या त्यांच्या बहिणीने हळूच सांगितले की, ताई अलीकडे घरी कोणाशी बोलतच नाहीत.

तेव्हा कुठे आम्ही केसपेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "ताई, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलेत, ते क्रमाने सांगा." त्यांनी सांगितलेला दिवस असा होता. सकाळी चहावर घराबाहेर. पाण्याचा पहिला घोट दुपारी बारा वाजता. मूत्रवेग आला तरी विभाग सोडून जाता येत नाही म्हणून तो दाबून ठेवणे. जेवण साडेतीन-चारच्या सुमारास, तेही उभ्याने. महिन्यातून दोनदा सलग रात्रपाळ्या. शेवटी त्यांनी जे सांगितले, ते आम्ही विसरू शकत नाही. दीर्घकाळ त्यांच्या देखरेखीखाली राहून बऱ्या होऊन घरी गेलेल्या एका तरुण मुलीने आत्महत्या केल्याची बातमी त्यांना विभागात औषधे वाटताना कळली होती. "बाकीच्यांच्या गोळ्या द्यायच्या होत्या. रडायला वेळच मिळाला नाही, डॉक्टर. घरी गेल्यावर मग रडू आलेच नाही." ही घटना आमच्याकडे येण्यापूर्वी दोन महिने घडलेली होती.

तीन महिने आम्ही अम्लपित्ताची चिकित्सा केली, पण निदानपरिवर्जन केले नाही. कारण निदान विचारलेच नव्हते. हे येथे लिहिण्याचे कारण इतकेच की, आमच्यासारखीच चूक अनेकांकडून होत असावी.

संप्राप्ती : धारण केलेले वेग

चरक सूत्रस्थानातील 'नवेगान्धारणीय' अध्याय आपण परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. त्यात न आवरण्याचे तेरा वेग सांगितले आहेत. मूत्र, पुरीष, शुक्र, अपानवायू, छर्दी, शिंक, उद्गार, जांभई, क्षुधा, तृष्णा, अश्रू, निद्रा आणि श्रमाने आलेला श्वास हे ते होत. वरील परिचारिकेच्या दिनक्रमात यांपैकी मूत्र, क्षुधा, तृष्णा, निद्रा व अश्रू असे पाच वेग दररोज किंवा वारंवार धारण केले जात होते. जांभईसुद्धा रुग्णापुढे दाबावी लागते, तो सहावा.

यातील बाष्प म्हणजे अश्रूंचा वेग मनःस्वास्थ्यसेवकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. तो धारण केल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात असे चरकाचार्य सांगतात. त्यावर निद्रा, मद्य आणि प्रिय व्यक्तींशी सुखद गोष्टी असा उपाय त्यांनी सांगितला आहे. यातील मद्याचा विचार आजच्या काळात करू नये. क्लमाने ग्रस्त माणूस मद्याच्या आहारी सहज जातो आणि मूळ दुःखावर व्यसनाची भर पडते. परंतु उरलेले दोन उपाय, निद्रा व प्रियकथा, आजही तितकेच ग्राह्य आहेत.

त्याच अध्यायात पुढे आवरण्याजोगे वेगही सांगितले आहेत आणि त्यांत शोकाचा समावेश आहे. येथे अनेकांचा घोटाळा होतो. शोकाचा वेग आवरावा म्हणजे शोकाच्या भरात अहितकर कृती करू नये, त्यात वाहवत जाऊ नये. अश्रू हा मात्र शरीराचा वेग आहे. तो आवरू नये. आपल्या सेवाक्षेत्रात नेमके उलटे घडते. सेवक अश्रू आवरतो आणि शोक मनात बाळगून घरी जातो. रुग्णासमोर डोळ्यांत पाणी येऊ न देणे हे त्याच्या कामाचे अंगच आहे, यात शंका नाही. परंतु तो वेग दिवसाच्या अखेरीस तरी मोकळा होण्यास जागा हवी. ती जागा दिनचर्येत ठरवून ठेवावी लागते, आपोआप मिळत नाही.

दोषदृष्ट्या पाहता रात्रीजागरण, अतिभाष्य, अकाली भोजन व वेगधारण यांनी वायू प्रकुपित होतो व रूक्षता वाढते. अतिचिंतनाने रसवह स्रोतस दूषित होते, हे विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. रसवह स्रोतसाचे मूळ हृदय, तेच मनाचे व ओजाचे स्थान. प्रारंभी मनात रज वाढतो, म्हणून सेवक चिडचिडा होतो. पुढे तम वाढतो, म्हणून तो निर्विकार व उदासीन होतो. घरच्यांना चिडचिड कळते. पुढची उदासीनता 'शांत झाला' म्हणून सुटून जाते. वैद्याने ती सुटू देऊ नये.

दिनचर्येची योजना

ग्रंथोक्त दिनचर्या जशीच्या तशी सांगितली, तर पाळीने काम करणाऱ्या माणसाला ती एक आणखी ओझे वाटते आणि न जमल्याची खंत वाढते. म्हणून आम्ही दिवसाच्या सांध्यांवर थोडे थोडे उपक्रम बसवितो. घरून निघण्यापूर्वी, दोन रुग्णांच्या मध्ये, काम संपताना आणि निजण्यापूर्वी असे हे चार सांधे होत.

१. घरून निघण्यापूर्वी - ब्राह्ममुहूर्ती उठावे हा उपदेश स्वस्थासाठी आहे. रात्री बारा वाजता घरी आलेल्या सेवकास तो आग्रहाने सांगू नये. मलवेग येण्यास पुरेसा अवधी मिळेल इतक्या लवकर मात्र उठावे. शिर, कर्ण व पाद यांस तिळतेलाचा अभ्यंग विशेषत्वाने करावा असे वाग्भटाचार्य सांगतात. यास दहा मिनिटे पुरतात. सर्वांग अभ्यंग सुटीच्या दिवशी करावा. अजीर्ण, कफप्रकोप किंवा नुकतेच शोधन झाले असता अभ्यंग वर्ज्य. अणुतेलाचे दोन दोन थेंब प्रतिमर्श नस्य म्हणून वापरावेत. व्यायाम अर्धशक्ती करावा. कपाळी व काखेत घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबावे. रिकाम्या पोटी चहा घेऊन निघण्याऐवजी भाकरी-भाजी, उपमा किंवा तांदळाची पेज असे काहीतरी उष्ण व स्निग्ध खाऊन निघावे.

२. दोन रुग्णांच्या मध्ये - हा सांधा सर्वांत छोटा व सर्वांत दुर्लक्षित. एक रुग्ण गेल्यावर दुसऱ्यास बोलाविण्यापूर्वी उठून उभे राहावे, हात व तोंड धुवावे, पाणी प्यावे, मूत्रवेग असल्यास जाऊन यावे, पाच-सात श्वास सावकाश सोडावेत. यास तीन मिनिटे लागतात. परिचारिकांना एकटीने विभाग सोडता येत नाही. म्हणून दोघींनी मिळून एकमेकींना दर दोन तासांनी ही सुटका द्यावी असे आम्ही सुचवितो. भोजनासाठी बसण्याची जागा व वीस मिनिटे निश्चित असावीत. भोजन करताना बोलू नये, मन भोजनाकडे असावे, असा विमानस्थानाचा उपदेश आहे. त्याचा येथील अर्थ इतकाच की, जेवताना रुग्णांची चर्चा व भ्रमणध्वनी दोन्ही बाजूस ठेवावेत.

३. काम संपताना - प्रियकथेचा उपक्रम येथे बसवावा. एखाद्या विश्वासू सहकाऱ्याशी किंवा ज्येष्ठाशी दहा-पंधरा मिनिटे बोलून आजच्या दिवसात मनाला काय लागले, ते सांगून टाकावे. रडू आले तर येऊ द्यावे. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या अधिनियमाने घातलेले आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे हा सेवक घरी जाऊन जोडीदाराला काही सांगू शकत नाही. यास्तव बोलण्याची सोय कामाच्या ठिकाणीच हवी, आणि बोलणे रुग्णाच्या ओळखीविषयी नसून स्वतःच्या मनाविषयी असावे. मानसोपचारातही अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित चर्चा करण्याची पद्धत आहे. ती जेथे असेल तेथे सोडू नये. घरी पोहोचताच प्रथम पाय धुवावेत. पाय वारंवार स्वच्छ ठेवणे हे मेधा व आयुष्य यांस हितकर असल्याचे चरकाचार्य सांगतात. बाहेरून आल्यावर पाय धुऊनच घरात येण्याची आपल्याकडील जुनी रीत याच प्रकारची. रुग्णालय मागे राहिले आणि घर सुरू झाले, याची खूण मनाला त्यातून मिळते.

४. निजण्यापूर्वी - सायंभोजन लघु व शक्य तितके लवकर घ्यावे. निजताना तळपायांस तीळतेल किंवा गाईचे तूप चोळावे. निजण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. आचाररसायनात निद्रा व जागरण यांचे समत्व आणि अनायास, म्हणजे शक्तीबाहेरचे कष्ट न करणे, यांचा समावेश आहे. इतरांसाठी झटणारा माणूस हे दोन गुण सर्वांत आधी गमावून बसतो.

रात्रपाळीचा विचार

रात्रीच्या पाळीविषयी ग्रंथांत काही नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. अनिवार्य रात्रीजागरण घडल्यास जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी भोजनापूर्वी झोपावे, असे अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात सांगितले आहे. सहा तास जागरण झाले, तर घरी आल्यावर न जेवता तीन तास झोप घ्यावी. भूक फारच असल्यास थोडी पातळ पेज घ्यावी. एवढ्याने दिवसभराची झोप पुरी झाली असे मात्र समजू नये. चरकाचार्यांनी दिवास्वापाची ज्यांना मुभा दिली आहे, त्यांत रात्रीजागरण झालेले तसेच क्रोध, शोक व भय यांनी क्लांत झालेले यांचा उल्लेख आहे. म्हणून पुढील पाळीपूर्वी दुपारी पुन्हा झोप घेण्यास हरकत नाही.

पाळीवर जाण्यापूर्वी लघु, उष्ण भोजन घ्यावे. मध्यरात्रीनंतर तळलेले पदार्थ टाळावेत. चहाची सवय एकदम न सोडविता पादांशिक क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने कमी करीत न्यावी. रात्री चार कप घेणाऱ्याने आधी तीनवर यावे, तेथे स्थिर व्हावे, मग दोनवर. एकदम बंद केल्यास शिरःशूल होतो आणि सेवक सल्लाच सोडून देतो.

औषधी व औषधालयचालकांचे कर्तव्य

मेध्य रसायनांत चरकाचार्यांनी मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार द्रव्ये सांगितली आहेत. अग्नी पाहून, कोष्ठशुद्धी करून यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु पाणी न पिणाऱ्या, न जेवणाऱ्या, न झोपणाऱ्या माणसास केवळ रसायन देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. दिनचर्या आधी व औषध नंतर हा क्रम राखावा.

औषधालयचालकांनी पुढील गोष्टींची विशेष दक्षता घ्यावी.

अ) सर्पगंधायुक्त निद्राकर गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. सर्पगंधेतील रिसर्पीन या घटकामुळे विषण्णता वाढू शकते. क्लमाच्या आड विषण्णता दडलेली असल्यास अशी गोळी घातक ठरते.

आ) यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व शरीरातील पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाच्या रुग्णास ते परस्पर देऊ नये.

इ) अश्वगंधा मागणाऱ्यास झोपेच्या गोळ्या किंवा थायरॉइडचे औषध चालू आहे काय, हे विचारावे. क्वचित प्रसंगी यकृतास उपद्रव झाल्याच्याही नोंदी आहेत. कावीळ होऊन गेलेल्यास वैद्याकडे पाठवावे.

ई) उन्माद, मज्जातंतूंचे दौर्बल्य यांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे. 'ताण घालवा' अशा फलकाखाली तसाच दावा आडवळणाने करू नये.

उ) कोणी वारंवार तेच औषध नेत असेल, तर तीन प्रश्न विचारावेत. झोप किती लागते? दिवसाचे पहिले जेवण किती वाजता होते? जगणे नकोसे वाटते काय? तिसरा प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो. पण विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात नव्याने शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले याचा आधारच वाटतो.

मर्यादा

दिनचर्येने सर्व काही साधेल, असा आमचा दावा नाही. चिकित्सकांमधील बर्नआउटवरील उपायांच्या अनेक अभ्यासांची एकत्रित पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत व्यक्तीने स्वतः करावयाच्या उपायांपेक्षा कामाचे तास, भार व व्यवस्था यांत संस्थेने केलेले बदल अधिक लाभदायी दिसून आले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर निदान जेथे आहे, तेथेच परिवर्जन व्हावयास हवे. दोन माणसांचे काम एकीवर टाकून तिला अभ्यंग करण्यास सांगणे हा उपचार नव्हे. म्हणून आवश्यक तेथे वैद्याने विभागप्रमुखास पत्र द्यावे, आणि सलग रात्रपाळ्या कमी कराव्यात, भोजनाची वेळ निश्चित करावी असे त्यात स्पष्ट लिहावे. अशा पत्राचे वजन सेवकाच्या तोंडी विनंतीपेक्षा पुष्कळ अधिक असते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणे, कशातही रस न राहणे, आत्महत्येचे विचार येणे, मद्याची किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ क्लम समजून चिकित्सा करू नये. मनोविकारतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. मनःस्वास्थ्यसेवक स्वतः ओळखीच्या तज्ज्ञाकडे जाण्यास संकोचतात, हे ध्यानी घेऊन दुसऱ्या गावचा तज्ज्ञ सुचवावा. टेलिमानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. तो प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात दिसेल असा लावावा.

वर उल्लेखिलेल्या परिचारिकेसही आम्ही प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. औषधाची गरज तूर्त नाही, पण लक्ष ठेवावे, असे त्यांनी कळविले. त्यानंतर आम्ही चारच गोष्टी सांगितल्या. दर दोन तासांनी पाणी व मूत्रविसर्जन, एक वाजता बसून भोजन, निघताना एका ज्येष्ठ सहकारी भगिनीशी बोलणे आणि रात्री पादाभ्यंग. विभागप्रमुखांस पत्र दिले. त्यांनी सलग रात्रपाळ्या कमी केल्या. ज्येष्ठ भगिनीशी बोलताना तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या मुलीसाठी त्यांना रडू आले. पुढील काही आठवड्यांत झोप सुधारली व अम्लपित्ताचे औषध थांबविता आले. यात पाळ्या कमी होण्याचा वाटा किती व दिनचर्येचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. तसे काढण्याचे कारणही नाही.

उपसंहार

चरकाचार्यांनी वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे. सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि ज्यांचा अंत जवळ आला आहे त्यांच्याविषयी उपेक्षा. येथे उपेक्षा म्हणजे तिरस्कार नव्हे. आपल्या हाती जे उरलेले नाही, त्याचा भार मनावर न घेणे, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. क्लमाने ग्रासलेल्या सेवकाची उदासीनता वरवर उपेक्षेसारखी दिसते, परंतु तीत विवेक राहिलेला नसतो. जो साध्य आहे, जो आर्त आहे, त्याच्यावरही ती सारखीच पसरते. तेव्हा रुग्णाचीही हानी होते आणि सेवकाचीही. दिनचर्या राखावयाची ती हा विवेक शाबूत राहावा म्हणून.

हे चारही शब्द मुळात आपल्याच व्यवसायास उद्देशून सांगितले आहेत. दिवसभर इतरांची दुःखे ऐकणाऱ्यांत आपणही आहोत. अशा सेवकास चिकित्सापत्र लिहून देण्यापूर्वी त्याचा कालचा दिवस विचारावा. आणि आपल्या स्वतःच्या कालच्या दिवसात किती वेग धारण केले गेले, याचीही एकदा मोजदाद करावी, ही वैद्यबंधू-भगिनींना व औषधालयचालकांना नम्र विनंती. ज्यांनी असे प्रयोग केले असतील, त्यांनी आपले अनुभव, यशाचे तसेच अपयशाचेही, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत.

इत्यलम्।